पुजलेलं लायसन

आमचं गाव रहिमतपूरच्या अंगाला. घरात भाऊ लय आन रान एवढुसं, त्यात मी शेंडेफळ, म्हंजी माझ्या वाट्याला काय येनार ते तुमीच बगा. मामा सांगलीत एका जैन व्यापाऱ्याकडं हमाली करायचा, त्यानं मला तिकडं न्हेलं. व्यापाऱ्याला समदी अण्णा म्हनायची. अण्णांची एक भाड्याची मोटार हुती, ती धुता धुता मी चालवाय शिकलो, आन मिसरूड फुटल्यावर अण्णा म्हनले, जा, साताऱ्याच्या अड्ड्यावर लाव, भाडी मार. लगीन झालं, साताऱ्यातच खोली घेतली. ब्येस चाललं हुतं, खोटं कशाला बोलू.

आता लायसन म्हंजी काय, तर घडी घातल्यालं कागुद, आत माझा फोटू चिकटवल्याला, आन छातीवर लावाय पितळंचा बिल्ला. खंडेनवमीला आमच्यात ज्येच्या त्येच्या पोटाचं हत्यार पुजत्यात, शेतकरी नांगर पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो. आमच्या मंडळीनं मोटारीला हार घातला, पाने-पकडी पुजल्या, हँडल पुजलं, बिल्ला पुजला, आन मला म्हनाली, आवं, लायसन बी ठेवा की पाटावर, त्येच्यावरच तर चूल पेटती. म्या ठिवलं. तिनं हळद वाहिली, वल्लं कुंकू बोटावर घेतलं आन नेमकं फोटूच्या कपाळाला लावलं, म्हनं तुमालाच लावल्यागत हाय. दुसऱ्या दिशी वल्ल्या फडक्यानं पुसाया गेलो, तर कुंकवासंगं माझं तोंड बी फडक्यावर आलं. काय सांगू तुमाला, कॉलर हाय, खांदं हायती, आन वर नुसता पांढरा डाग.

म्या म्हनलं, असू दे, दुसरं मागून घिऊ. पर तवाचे दिवस कसले, तुमाला ठावं हाय न्हवं? बेचाळीसच्या चळवळीतली भूमिगत पोरं रानोमाळ फिरायची, पोलीस त्येंच्या मागं, मोटार दिसली की अडवायची, आत कोन हाय, कुठं चाललाय. आन तवा लायसन बी पोलीस कचेरीतनंच मिळायचं. मी शाना, बिनतोंडाचं लायसन घिऊन आपल्या पायानं तिकडं गेलो. कारकुनानं बगितलं, माझ्याकडं बगितलं, आन उठून आत गेला. आतनं सायब भाईर आला. परमुलखातला मानूस, मराठी मोडकं. म्हनला, तोंड का पुसलं? दुसऱ्या कुनाचा फोटू लावनार हुतास? कुनाला पळवायचं हुतं? म्या म्हनलं, सायब, पुजलं. लायसन पुजलं? त्यो म्हनला, आन हसला. म्हनला, चौकशी हुईल, तवर मोटारीला हात लावायचा न्हाई.

चौकशी. आमच्या आळीतल्या एकाला भूमिगतांना भाकरी दिली म्हनून चौकशीला न्हेलं हुतं, त्यो परत आला त्यो भिंतीला धरून. त्येचे तळवे म्या बगितले हुते बगा.  रस्त्यानं बूट वाजलं की मी मोरीत जाऊन हुबा ऱ्हायचो. म्या भ्यालो हुतो, सरळ सांगतो, आन भ्यालो म्हंजी लहान पोर भितं तसा भ्यालो. कचेरीत जावं तर धरून ठिवतील, न जावं तर म्हनतील पळाला. जायचो, बाकड्यावर बसायचो, कारकून म्हनायचा कागुद वर गेलंय, उद्या ये. उद्या गेलं की परवा ये. तेवढ्यात सांगलीस्नं अण्णांचा निरोप, मोटार किती दीस हुबी ठिवू, दिवाळीपतोर बगतो, मग दुसरा डायवर ठिवावा लागंल, वाईट वाटून घिऊ नगस. मनात आलं, सांगलीलाच पळावं, ते संस्थान, हितला पोलीस तितं लगीच याचा न्हाई. मंडळीला सांगितलं तर ती कडाडली, पळा की, म्हंजी खरंच चोर ठराल, आन मग मी कुनाला कुंकू लावू?

आन दुसऱ्या दिशी डोईवर पदर घिऊन माझ्या म्होरं चालाय लागली. म्या म्हनलं, आगं नगं, तुला बी आत घालतील. ऐकंल तर शपथ! थेट सायबाच्या दारात. म्हनाली, सायब, कुंकू म्या लावलं, धरायचं तर मला धरा, ह्येंनी नुसतं पाटावर ठिवलं. सायब काय बोलायच्या आत तिनं दारातल्या शिपायाच्या बंदुकीकडं बोट केलं. म्हनाली, ह्या बंदुकीला कुंकू कुनी लावलं? ही कुनाला द्यायची हुती? आवं, दस्त्यावर लाल डाग तसाच हुता, नवमीचाच! शिपायानं झटदिशी त्येच्यावर हात ठिवला. मला वाटलं, संपलं, आता दोगांचंबी संपलं, आन म्या डोळंच मिटलं. सायब बंदुकीकडं बगत ऱ्हायला. मग कारकुनाला एवडंच म्हनला, फोटू नवा आनाया सांग.

तरीबी लायसन हातात पडाया दिवाळी आली. नव्या फोटूत डोळं असलं फाटल्यालं हायती की नाक्यावरचा पोलीस इचारतो, काय रं, भूत बगितलं व्हय? मी म्हनतो, व्हय सायब. अण्णांनी मोटार परत माझ्या हातात दिली, ते उपकार मी इसरलो न्हाई.

आता स्वराज्य आलं. त्यो सायब कुठं गेला देव जानं. कचेरीत आता आपलीच पोरं, बसा दादा म्हनत्यात. ह्या साली बी लायसन नवं कराया दिलंय, अजून आलं न्हाई, आन दारावर कुनी थाप मारली की मी पयल्यांदा मोरीकडंच बगतो. तुमी आला तवा बी बगितलं. मंडळी आतनं हसतीया, हसू द्या, तिच्या जिवावर तर मी हितं बसलोय. तुमचं लिवनं चांगलं चालू दे, देव तुमाला औक्ष देवो. पर माझं येक ऐका, ह्या कागदावर माझं नाव तेवडं घालू नगा.