जातीला तारीख

(नगरजवळचं भिंगार, १९७२चा उन्हाळा. इंग्रजी फौज घोडे कसे पुरवायची आणि सांभाळायची, यावर प्रबंध लिहिणारे पुण्याचे प्रा. राधाकृष्ण फौजेच्या तबेल्यात घोडे सांभाळलेल्या म्हाताऱ्या कृपादान मोतद्दाराच्या ओसरीवर बसले आहेत. सोमवारी प्रबंध द्यायचा आहे, आणि साक्षीदार म्हणून म्हाताऱ्याची सही हवी आहे. म्हाताऱ्याला सहीची अजिबात घाई नाही. त्याची बायको मरियम चुलीपाशी.)

कृपादान : परत वाचा. ती जातीची वळ परत वाचा.

राधाकृष्ण : "इंग्रजांनी फौजेतल्या घोड्यांतही जातिव्यवस्था आणली होती. नगरच्या घोड्यांच्या वहीत प्रत्येक घोड्यापुढे 'कास्ट' असा स्वतंत्र रकाना आढळतो." चौथं प्रकरण आहे, बाबा. सगळा प्रबंध यावरच उभा आहे.

कृपादान : मरियम, ऐकलंस का? आपल्या घोड्यास्नी जात हुती.

मरियम : आसंल बया. नालबंदाच्या हातचं पानी चालत नसंल त्यांना.

राधाकृष्ण : थट्टा नको. दोन वर्षं दप्तरं चाळलीत मी.

कृपादान : दप्तरं चाळली. घोड्याला कवा खरारा क्येला का? तोबरा बांधला?

राधाकृष्ण : त्याचा इथे काय संबंध?

कृपादान : ऱ्हायलं. त्या रकान्यात लिवलंय काय?

राधाकृष्ण : तारखा.

कृपादान : जातीला तारीख आस्ती व्हय, साहेब?

राधाकृष्ण : ती... नोंदणीची असावी.

कृपादान : आन तारखेम्होरं?

राधाकृष्ण : लेम. ब्लाइंड. एजेड.

कृपादान : म्हंजे लंगडा, आंधळा, म्हातारा. ह्या पोटजाती का?

राधाकृष्ण : हे बघा, स्पेलिंगही चुकलंय तिथे. कास्टच्या शेवटचं 'ई' गोऱ्या कारकुनाने गाळलंय. तशी तळटीप दिलीये मी.

कृपादान : वा रं वा! गोऱ्याला विंग्रजी येत न्हवतं, आन पुन्याच्या म्हास्तराला येतंय! आवं, कास्ट म्हंजे काढून टाकल्याला. निकामी. घोड्याचा डागदर तपासायचा, कप्तान 'कास्ट' म्हनायचा, की संपलं. मंग अरबी आसू द्या न्हाईतर बोटीतनं आल्याला आस्ट्रेलियाचा. नशीब आसलं तर टांग्याला, न्हाईतर तबेल्यामागं न्हिऊन गोळी.

राधाकृष्ण : पण... माझ्या मार्गदर्शकांनी तर याच प्रकरणाला शाबासकी दिली होती.

कृपादान : त्यांनी बी घोडा टांग्यात बसूनच बघितला आसंल. मी सही करनार न्हाई.

मरियम : गुळाचा च्या हाय, साहेब. घ्या. तोंड लई उतरलंय तुमचं.

राधाकृष्ण : प्रकरण फाडावंच लागणार. निदान हा माहितीचा फॉर्म तरी भरू द्या, बाबा. शेवटी जोडेन. काम?

कृपादान : मोतद्दार. एकवीस वर्सं.

राधाकृष्ण : मग सोडलंत का?

कृपादान : सोडलं न्हाई. डायना म्हनून घोडी हुती, लई गुनाची. गोमाशी चावली, तिनं लाथ झाडली, माजा गुडगा ग्येला. कप्तान आला, गुडग्याकडं बघितलं, एक शबुद बोलला आन ग्येला. घोडी ठिवली.

राधाकृष्ण : एकच रकाना राहिलाय. जात... नको, राहू दे. तुम्ही ख्रिस्ती...

कृपादान : ऱ्हाऊ कशाला द्यायचं? लिवा, कास्ट. आन म्होरं तारीख टाका. तीन मार्च, चव्वेचाळीस.