खोडलेली तीन पानं

दाढ काढून झाली होती, तोंडात कापूस होता आणि डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. त्यामुळे दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या शिंप्याला कान देण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. शेजारी एक शाळकरी मुलगी मोबाइलला डोळे लावून बसली होती, आणि तिची आई तिच्याकडे.

"लागला का स्पर्धेचा निकाल?"

"नाही गं आई! सारखं काय विचारतेस?"

"बरं, त्या पुलाच्या आराखड्यात तुझं काय काय आहे, ते तरी सांग."

"तसं नाही सांगता येत. चौघांची एकच ऑनलाइन फाइल. सगळे त्यातच लिहितात."

"तुझी तीन पानं होती ना? जेवायलाही उठत नव्हतीस!"

"ती उडवली."

"कुणी? तुमच्यातल्या त्या चष्मिशनं?"

"त्यानं पानाच्या बाजूला नुसतं लिहून विचारलं, 'वारा आडवा आला तर?' मी आधी कचाकचा भांडले. मग गणित करून पाहिलं, तर पूल आडवा! मीच उडवली."

"कायम पहिली येणारी तू, आणि स्वतःच्या हातानं?"

"अगं, आमच्यात सगळेच पहिले येणारे! जो तो आपलंच लिहीत होता, दुसऱ्याचं वाचतंय कोण? नदी एक आणि पूल चार! मी माझं खोडलं, तेव्हा कुठे बाकीचे हलले... आई! आई, लागला!"

"काय झालं?"

"पहिले! आम्ही पहिले!"

आईनं तिथूनच फोन लावला.

"अहो, पहिले आले! हिनं काय लिहिलं? लिहिलं नाही हो, तीन पानं खोडली आपल्या पोरीनं!"

शिंप्यानं तोंडातला कापूस हातात काढून घेतला.

"शाब्बास!"