कणकेवरची अक्षरं

मला परदेशातल्या संग्रहालयात नोकरी कशी लागली, ते सांगितलंच नाही ना तुम्हाला? अरे, मेसोपोटेमियातले लोक लिहायचे ओल्या मातीच्या पाटीवर, काडी दाबून. ती लिपी मी शिकत होते, त्यामुळे मला त्याचा सराव हवा होता, पण करी रोडच्या आमच्या एका खोलीत आई माती आणू देईना. "हा चिखल घरात नको. कणकेवर लिही. पण लवकर आटप, तवा तापलाय." रोज मी गोळा थापून लिहायचे आणि आई तो हातातून काढून लाटायला घ्यायची.

मुलाखतीत आम्हा चौघांना ओली माती दिली आणि सांगितलं, सुकायच्या आत लिहा. बाकीचे अर्ध्यावरही नव्हते, तेव्हा माझं झालं होतं. परीक्षक बाई म्हणाल्या, "इतक्या झपझप लिहायला कोणी शिकवलं?"

म्हटलं, "आईने. तवा तापवून."

नोकरी लागल्याचं सांगायला आईला फोन केला, तर ती रडायलाच लागली. मग रडं आवरून म्हणाली, "पण काय गं, रोज लिहायचीस काय तू?"

"तुझं नाव. सरावाला तेच घेतलेलं."

तशी ती म्हणाली, "मेले, आणि मी ते लाटून तुम्हाला वाढत होते!"