दोघं एका उजेडात

...आणि वर म्हणतो कसा, ‘सोप्पं असतं गं!’ सोप्पं! तुम्हाला सांगते, ज्या माणसाला समोर ठेवलेला मोजा दिसत नाही, तो मला उजेड बघायला शिकवतोय! हो, नवराच माझा. लग्न होऊन चार दिवस झाले नाहीत तोवर कॅमेरा आणून हातात ठेवला. का? तर नवी सून गप्प गप्प असते, तिला काहीतरी नाद लागू दे. लागला! असा लागला की आता झोपेतही बोट बटणावर असतं.

‘तीनच गोष्टी आहेत, भोक किती मोठं ते अ‍ॅपर्चर, उघडं किती वेळ ते शटर, कॅमेरा उजेडाला किती हावरा ते आयएसओ. बस्स!’ बस्स म्हणे! अहो, त्या तीन गोष्टी नाहीत, तीन जावा आहेत एका स्वयंपाकघरातल्या! पहिलीला जरा मोकळं सोडलं, की एकाचा चेहरा स्वच्छ आणि शेजारचा धुक्यात. दुसरीला म्हटलं घे बाई निवांत वेळ, तर समोरच्या माणसाला चार कान. आणि तिसरीला चढवून ठेवावं, तर फोटोभर वाळू सांडलेली! एक सांभाळावं तर दुसरं जातं!

बरं, झाडंफुलं काढून गप्प बसले असते ना मी. पण एक दिवस सासूबाई शिवता शिवता मशीन थांबवून म्हणाल्या... त्यांचं शिवणकाम आहे बरं का, खिडकीपाशी मशीन, गळ्यात कायम मोजपट्टी... तर म्हणाल्या, ‘आमच्या दोघांचा एक धड फोटो काढशील का गं?’ मी म्हटलं, ‘आई, लग्नातले असतील ना तुमचे?’ तर म्हणाल्या, ‘आहेत की. मी त्यात आहे हे मला ठाऊक आहे म्हणून मी दिसते.’

मी या घरात आल्यापासून त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. आणि गोष्ट अशी आहे, की सासूबाई छान काळ्याभोर, सासरे पिठाच्या गिरणीतून आत्ताच बाहेर आल्यासारखे पांढरेफटक. आजवर ज्यानं ज्यानं फोटो काढला, त्यानं उजेड लावताना सासऱ्यांना सांभाळलं. शेजारी नुसती एक सावली. सासऱ्यांना शेजारी सावली असल्याची इतकी सवय झालेली, की अल्बम बघताना म्हणतात, ‘हा झकास आलाय!’

तर रविवारी दोघांना उभं केलं. पहिला फोटो. सासरे झकास. सासूबाई? दात. नुसते दात! नवरा मागून, ‘उजेड वाढव!’ वाढवला. सासूबाई उजाडल्या, सासरे निघाले परलोकी. ‘कमी कर, कमी कर!’ केला. सासरे परत आले, सासूबाई गेल्या. एक सांभाळावं तर दुसरं जातं! म्हटलं फ्लॅश मारू. मारला. दोघांच्या कपाळावर एकेक ट्यूबलाइट आणि चार डोळे मिटलेले. शटर हळू केलं, तर सासरे नेमके बोलायला लागले. ‘झालं का? अगं, झालं का? आमच्या ऑफिसातला फोटोग्राफर एका मिनिटात...’ तीन हनुवट्या आल्या त्यांना!

सासूबाई प्रत्येक वेळी यायच्या, कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा बघायच्या, ‘बरं’ म्हणायच्या आणि परत जागेवर जाऊन उभ्या राहायच्या. ते ‘बरं’ ऐकवत नव्हतं हो! ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. शेवटी मी काय केलं माहितीय? सासऱ्यांचा विचारच सोडला. फक्त सासूबाईंच्या गालावरचा उजेड मोजला आणि दाबलं बटण. म्हटलं, जे जायचं ते जाऊ दे!

गेलं. सासरे भिंतीत विरघळले. हवेत एक चष्मा आणि खाली मिशी. पण सासूबाई... कपाळावरची आठी, ओठांच्या कडेला दाबून धरलेलं हसू, मोजपट्टीवरचे आकडेसुद्धा! पडद्यावर बोट ठेवलं त्यांनी. मग हळूच म्हणाल्या, ‘मला इथे खळी पडते?’

‘अगं, पण यात मी कुठाय?’ सासरे.

‘चष्मा आलाय की तुमचा. मोठा करून आण गं हा.’

झालं! दारासमोरच्या भिंतीवर, चांगला हातभर मोठा. मला मेलीला रात्रंदिवस ती मिशी दिसायला लागली. पुढच्या रविवारी मी पुन्हा दोघांना धरलं, सासूबाईंना खिडकीजवळ, सासऱ्यांना चार पावलं आत. आणि काय सांगू! जमलं! दोघंही आले, एका उजेडात, लख्ख! धावत नेऊन दाखवला. सासूबाईंनी नीट बघितला, म्हणाल्या, ‘छान आलाय हो. अगदी छान. ठेव कपाटात.’

‘आई, भिंतीवरचा बदलूया ना?’

‘कशाला? असू दे की,’ म्हणाल्या आणि मशीन सुरू!

आता घरात येणारा प्रत्येक माणूस चपला काढता काढता वर बघतो आणि दचकतो. ‘हे... हे काय झालं यांना?’ की सासरे मोठ्या मनानं, मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, ‘सूनबाईंनी काढलाय. शिकतेय अजून!’

सासूबाई मशीनवरून मान वर करत नाहीत, गालाला खळी तेवढी पडते. मी पाण्याचा पेला पुढे करते आणि म्हणते, ‘हो. शिकतेय.’