आवाजाचं माप

(शिलाई मशिनी दुरुस्त करण्याचं छोटं दुकान, मागच्या बाजूला राहतं घर. सकाळचे अकरा. ताई आणि तिचा नवरा टेबलामागे. धाकटी बहीण बॅग खाली ठेवून स्टुलावर बसलेली.)

धाकटी : म्हणजे वर्षभर मी जहाजावरून फोन करायचे, तू उचलायची नाहीस आणि मागाहून मेसेज टाकायचीस, 'तलावावर आहे, नंतर बोलू', ती सगळी थाप होती?

ताई : अर्धी थाप. तलावावर मी होतेच. बोलता येत नव्हतं एवढंच.

धाकटी : मला वाटलं रागावलीस. आपलं नक्की कशावरून बिनसलं, ते आठवून आठवून थकले मी.

ताई : तुला कळवलं असतं तर नोकरी अर्धवट टाकून आली असतीस. घरात दोन माणसं गप्प बसलेली बघायला.

धाकटी : आता आलेय ना? सगळं सांग. पहिल्यापासून.

ताई : गळ्यातली गाठ तुला माहीत होती. थायरॉइडची. तू गेलीस त्याच्या पुढच्या महिन्यात काढली. गाठ साधी निघाली, तिथवर छान झालं. पण आवाजाची एक नस असते, ती नेमकी गाठीला चिकटून बसलेली. सोडवताना ताणली गेली. शुद्धीवर आले, पाणी मागायला तोंड उघडलं, तर नुसती हवा. सर्जन दुसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसले आणि सरळ म्हणाले, डावा स्वरतंतू हलत नाहीये, नस कदाचित जागी होईल, वर्षभर वाट बघू.

धाकटी : आणि तलावावर पोरांना पोहायला कसं शिकवलंस? तुझी हाक या काठावरून त्या काठाला जायची.

ताई : शिट्टी. एक वाजली की थांबा, दोन वाजल्या की पाय मारा. बाई ओरडत नाहीत अशी बातमी पसरली आणि माझ्या तुकडीत बारा पोरं जास्त आली.

भावजी : घरात शिट्टी नव्हती.

ताई : घरात हे होते. यांचे कान तुला ठाऊकच आहेत.

धाकटी : ठाऊक म्हणजे? कसे आहात विचारलं की भावजी 'मंगळवारी' म्हणायचे.

भावजी : गिऱ्हाईक बहुतेक तेच विचारतं, मशीन कधी मिळेल. म्हणून मंगळवारी. उजवा कान लग्नाआधीच गेला होता, डावाही उतरणीला लागलेला. तुझ्या ताईचा आवाज मोठा, म्हणून आमचा संसार चालला.

ताई : तो आवाज गेला आणि चिठ्ठ्या आल्या. माझं अक्षर तुला माहीत आहे. मी लिहिलं 'गॅस बंद करा', यांनी वाचलं 'गॅस बंद का'. मग मला समजावत बसले की बंद नाहीये, चांगला चालू आहे.

धाकटी : भावजी, तुमच्या कानाचं ऑपरेशन होतं ना करण्यासारखं? मीच किती वर्षं ऐकतेय.

भावजी : होतं. मीच करत नव्हतो. मी नववीत असताना माझ्या थोरल्या भावाच्या कानाचं ऑपरेशन झालं. घरी आला तो अर्धा चेहरा लोंबता घेऊन. हसला की एकाच बाजूनं हसायचा. पुढे त्यानं हसणंच सोडलं. तेव्हापासून ठरवलं होतं, आपल्या कानात कुणाला शिरू द्यायचं नाही. त्यात हिचं हे झालं. पुन्हा नसच.

ताई : मग मी तरी कुठल्या तोंडानं आग्रह करणार? मलाही दुसऱ्या ऑपरेशनचं नाव नको होतं. वर्षानं नस जागी झाली नाही तर गळा पुन्हा थोडा उघडावा लागेल, असं सर्जन म्हणाले होते. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करून टाकला होता.

धाकटी : मग अडलेली गाडी हलली कशी?

ताई : मला ठसका लागला.

भावजी : नीट सांग तिला.

ताई : स्वरतंतू मिटत नाही ना, म्हणून पाणी श्वासनळीत जातं. एका दुपारी उभ्यानं घाईत प्यायले आणि श्वासच अडकला. हे इथं, तीन हातांवर, माझ्याकडे पाठ करून मशीन तपासत होते. मला हाक मारता येईना, यांना ऐकू येईना. डोळ्यांपुढे काळोख यायला लागला. शेवटी होता नव्हता तो जीव पायात आणून टेबलाला लाथ मारली.

भावजी : माझ्या दातांत स्क्रू ड्रायव्हर होता.

धाकटी : दातांत?

भावजी : एक टोक मशीनला, एक दातांत. कानानं ऐकू येत नव्हतं, पण हाडातून यायचं. मशीन आत कुठे घासतंय ते तसंच शोधायचो. टेबलाला लाथ बसली ती डोक्यात तोफेसारखी वाजली. वळलो. हिचा चेहरा निळा.

ताई : पाठीत असे दणके घातले की पाणी बाहेर आलं आणि आठवडाभर मला उताणं झोपता आलं नाही.

भावजी : त्या दुपारी मी पुढे काम केलं नाही. दातांत स्क्रू ड्रायव्हर नसता तर, हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी हिला न सांगता कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

ताई : मला सांगितलं, सुया आणायला जातो.

भावजी : बाईंनी एक दोन दातांचा लोखंडी काटा, ट्यूनिंग फोर्क, वाजवला. कानासमोर धरला, काही नाही. कानामागच्या हाडाला टेकवला, छान गुणगुण. म्हणाल्या, नस उत्तम आहे, आतलं सगळ्यात बारकं हाड जाम झालंय, त्याच्या जागी पिस्टन घालू. चार मिलिमीटरचा. मला दाखवला. अगं, बॉबिनचा स्क्रू त्याच्यापुढे पैलवान. एवढा नाजूक पार्ट बसवणारं माणूस म्हटल्यावर मला जरा आपुलकी वाटली.

धाकटी : आणि भावाचं?

भावजी : तेही विचारलं. त्या म्हणाल्या, त्याचा आजार वेगळा, कान आतून सडून हाड खाल्लं होतं, चेहऱ्याच्या नसेपर्यंत. तुमचा कान आतून स्वच्छ आहे. मग म्हणाल्या, तरी शंभरातल्या एकाचा कान पूर्ण जातो, आणि जिभेच्या चवीची एक बारीक नस वाटेतच असते, तीही दुखावू शकते. शंभरात एक म्हणाल्या, तेव्हा माझा विश्वास बसला. काही होत नाही म्हणाल्या असत्या, तर खरंच सुया घेऊन परत आलो असतो.

धाकटी : भूल दिली?

भावजी : कानापुरती. मी जागा. डोक्यावर हिरवा कपडा, आत खुडबुड. एकदा खोली गरकन फिरली, मी पलंगाची कड धरून ठेवली. मग कुणीतरी हळूच विचारलं, दुकान किती वाजता उघडता? मी म्हणालो, नऊ. तर सगळे हसायला लागले. मला कळेना, नऊमध्ये हसण्यासारखं काय आहे. बाई कुजबुजल्या होत्या, आणि मी उत्तर दिलं होतं.

ताई : बाहेर आले आणि मला सांगत बसले, नऊ, नऊ. मला वाटलं बिघडलंच काहीतरी.

धाकटी : आणि चव?

ताई : ती नस दुखावलीच. दोन महिने यांच्या तोंडात लोखंड. मी काहीही शिजवावं आणि यांनी मुकाट जेवावं. फार सुखाचे दिवस होते.

भावजी : हिला सवय होती माझ्या पाठीमागे पुटपुटायची. कानातली पट्टी निघाली त्या दिवशी मी इथं बसलो होतो. मागून बारीक आवाज आला, काय बाई हा माणूस, बनियन पुन्हा उलटं. मी न वळता म्हणालो, हो का?

ताई : माझ्या हातातलं पातेलं पडलं. मग दोघंही रडलो, ते सोड.

धाकटी : मग तुझा गळा?

ताई : यांनी करून घेतल्यावर मला सबबच उरली नाही. वर्ष झालं, नस काही जागी होईना. त्याच बाईंकडे गेलो. नस मेली तरी स्वरतंतू चांगला आहे, म्हणाल्या, त्याला बाजूनं पाचर लावून मध्ये ढकलू, म्हणजे दुसरा त्याला येऊन भेटेल. गळ्याच्या कूर्चेला छोटी खिडकी पाडायची. तेही मी जागी असताना, कारण आवाज ऐकत ऐकत पाचरीचं माप ठरवायचं. मला म्हणाल्या, बोलत राहा. मला दुसरं काय सुचणार? पाय सरळ, गुडघे नकोत, श्वास सोडा, पाय सरळ.

धाकटी : टेबलावर पडून?

ताई : पडून. एक पाचर घातली, घोगरा. दुसरी घातली, वेगळाच. तिसरीला घसा आवळल्यासारखं झालं. पुन्हा दुसरी, जराशी तासून. बाईंनी सिस्टरला सांगितलं, यांच्या मिस्टरांना बाहेर फोन लावा, स्पीकरवर ठेवा, रोज त्यांनाच ऐकायचंय.

धाकटी : म्हणजे तुझा आवाज भावजींनी पसंत केला?

ताई : नव्या कानानं. बाहेर बाकावर बसून, फोन कानाला घट्ट लावून.

धाकटी : तरीच. मघाशी दारात हाक मारलीस तेव्हा मी चमकले. छानच आहे, पण तुझा पहिला आवाज याहून वर होता, ताई. जरा धारदार.

ताई : होता ना. मलाही वाटतं तसं. पण ऑपरेशनच्या टेबलावर स्वतःचा आवाज स्वतःला कळत नाही, म्हणून म्हटलं यांना आठवत असेल. दोन आठवडे झाले, मी हे यांना विचारलेलं नाही.

धाकटी : भावजी, आधीचा आवाज आठवून निवडलात ना?

भावजी : आधीचा मला माहीतच नव्हता गं. वीस वर्षं ही ओरडायची, तेव्हा मला लांबून कुणी बोलल्यासारखं यायचं. शब्द कळायचे, आवाज नाही.

ताई : मग 'थांबा, हाच' असं कशावर म्हणालात?

भावजी : जो ऐकून घरी जावंसं वाटलं, त्यावर.