चावडीत घेतलेलं नाव

आधी ते दार लोटून घ्या. व्हय, कडी बी लावा... आन् त्यो खांबाला टेकून बसलाय, त्यो कुणाचा पाव्हणा? तुमचा? नक्की? मग बसू द्या. तुम्हाला सांगते, जगातल्या त्या मोठ्या लढाईपायी आपल्याच सावलीला 'कुणाची गं तू' म्हणून इचारायची पाळी आली. म्या काय म्हणत न्हाय, झालं ते सांगते.

लढाई कुठं, आमचं ईट गाव कुठं. पर निजामाच्या अमलातला त्यो अमीन, म्हंजी फौजदार, दवंडी पिटून गेला, लढाईवर कुणी बोलायचं न्हाय. आता आमच्या मालकांचं किराणा दुकान, वाण्यानं बोलायचं न्हाय तर काय तराजूनं बोलायचं? एक अनोळखी गिऱ्हाईक आलं, म्हणलं, "अप्पा, राकेल हाय का?" मालक म्हणले, "राकेल इसर बाबा, ही लढाई काय लौकर सरत न्हाय." झालं. गिऱ्हाईक अमीनाचंच माणूस. रयतेला घाबरवलं म्हणून मालकांना चावडीत कोंडलं.

म्या शेजारच्या दगडाबाईला घेऊन गेले. तिला कशाला? आवं, धन्याचं नाव आपल्या तोंडानं घेत न्हाईत, कुणी इचारलं तर सांगायला दुसरं माणूस लागतंय. चावडीत तर बाजारातनं धरून आणलेली माणसं दाटलेली. अमीन म्हणला, "तेरा कौनसा?" म्या हनुवटीनं दावलं. "नाव बोल." म्या दगडाबाईकडं बघितलं, तर ही बया भुईकडं बघून म्हणती, "बोलायची मनाई हाय, अक्का." एरवी हिच्या जिभेला हाड न्हाय, आन् नेमकी तिथंच मुकी... मला तवापासनं संशय, ही बी अमीनाचंच माणूस. पर म्या काय म्हणत न्हाय.

मालक आतनं म्हणले, "साहेब, म्याच सांगतो की."

"तू गप. तुझ्या तोंडावर इतबार न्हाय म्हणून तर आणलाय. बाई, नाव घे, न्हायतर ह्यो धाराशिवच्या जेलात जातोय."

बघा आता. धनी बोलले म्हणून आत गेले, आन् म्या बोलत न्हाय म्हणून भाईर येईनात. मग माणसानं तोंड उघडावं तरी कवा?

उखाण्यात नाव घ्यायला तेवढी मुभा हाय. पर लग्नातला एक उखाणा आठवंना. डोळ्यापुढं घर तेवढं दिसत हुतं, तेच तोंडातनं आलं,

"चिमणीत न्हाय राकेल, चुलीत न्हाय जाळ,
गुंडप्पांचं नाव घेते, अमीनसाहेब दयाळ."

अमीन म्हणला, "ज्याच्यासाठी ह्याला धरला, तेच तू गाण्यात घालतीस?" शिपाई मिशीत हसाया लागले, कोंडलेली माणसं हसाया लागली, आन् दगडाबाई म्हणती, "अक्का, आणखी एक घ्या." आता फुटली वाचा.

अमीन म्हणला, "घेऊन जा ह्याला. पर लढाई सरेपर्यंत ह्याचं तोंड दिसलं पायजे, आवाज न्हाय."

मालक मुके झाले. गिऱ्हाईकाला मिठाचा भाव बोटानं, बायकोला बी बोटानं. घर लई निवांत झालं... म्या काय म्हणत न्हाय.

मग लढाई सरली. अमीन पुन्हा दवंडी घेऊन आमच्या दुकानाम्होरं हुबा. म्हणला, सगळे देश एका जागी बसले, आता जल्मात लढायचं न्हाय असं ठरलं, आन् कुणी भांडलंच तर पाच थोर देश त्याला दाबात ठिवतील. आता बोला मोकळं.

मालकांनी घसा खाकरला. इतक्या वर्सांनी आवाज फुटायचा, म्या हातातलं सूप खाली ठिवलं. म्हणले, "साहेब, आन् ते पाचच आपसात भांडले तर?"

अमीनानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, वाकून हळूच म्हणला, "अप्पा, असलं बोलायची मनाई हाय."

मालक घरात आले, बोटानं पाणी मागितलं. म्या दिलं. राकेल अजून आलंच न्हवतं.

अशी ती लढाई, आन् अशी ती शांतता... आन् तुमचा त्यो पाव्हणा, एवढं सांगितलं तरी एकदा बी हसला न्हाय. म्या काय म्हणत न्हाय.