पाहुणी निघाली

— नको, नको उचलूस बाळाला, मावतंय की. तू बाबागाडी जराशी खिडकीकडे घे, मी खुर्ची अशी वळवते, आणि हा पट्टा — हां, बसला. बघ, दोघांच्या चाकांना जागा झाली! हसतेयस काय? हस, हस, मघापासून मीच एकटी हसतेय वेड्यासारखी. पाहिलंस ना, मी चढले तेव्हा? अख्खी बस दाराकडे झुकली गं! माझ्यापुढे! सासरचं एक माणूस कधी झुकलं नाही माझ्यापुढे — आणि ही एवढी धिप्पाड बस सुस्कारा टाकून खाली आली, मग ती फळी बाहेर सरकली, नि मी आपली हातांनी चाकं फिरवत थेट आत. कुणी उचललं नाही. कुणी 'एक, दोन, तीन' म्हटलं नाही. उचलणारे आधी म्हणतात ना तसं — कपाट हलवताना म्हणतात, अगदी तसंच.

आणि आवाज? आवाजच नाही हिला! धूर नाही, खडखड नाही, विजेवर चालते म्हणे. जुन्या बसमध्ये शेजारणीशी बोलायचं तर घसा बसायचा. आता माझं सगळं त्या पुढच्या काकांनासुद्धा ऐकू जातंय — हो ना हो काका? बघ, कान लाल झाले त्यांचे. ऐकू देत. आज मला कुणाचं काही नाही.

कुठे निघाले? दवाखान्यात. — बरं, दवाखान्यात नाही. दवाखान्यात कुणी काजळ घालून जातं का? पण मुलाला तेच सांगायचं ठरलंय, त्यानं विचारलंच तर. तो 'पडशील' म्हणतो. काहीही म्हटलं की 'पडशील'. माझे पाय गेले तेव्हापासून त्याला दुसरं क्रियापदच येत नाही. वाईट नाहीये गं तो, जीव आहे त्याचा माझ्यावर — म्हणून तर घरात कोंडलंय. सुनेनं मात्र आज स्वतः दार उघडलं. म्हणाली, "जा आई, ते आले तर मी सांगेन. पण फोन उचला हं." आणि माझा पदर नीट केला. मी रस्त्यावर आले तर चाकं अशी जपून फिरवत होते — कारण आज काही झालं ना, नुसतं खरचटलं जरी, तरी ते दार पुन्हा उघडायचं नाही. हे मला ठाऊक, सुनेलाही ठाऊक.

नाही गं, तीर्थाला-बिर्थाला नाही. पाहुणी चाललेय. पाहुणी! तुला काय त्याचं, तू रोज कुठे ना कुठे जात असशील. इतकी वर्षं सगळे माझ्याकडे येतात. येतात, खुर्चीकडे बघतात, 'कशी आहेस' म्हणतात, चहा पितात नि जातात. मी मात्र कुणाकडून निघू शकत नाही. मला एकदा कुणाच्या तरी दारात जाऊन म्हणायचंय, 'येऊ का?' आणि मग कंटाळा आला की म्हणायचंय, 'निघते हं मी.' बस्स. कंटाळा नाही येणार म्हणा तिथे.

तिथे म्हणजे — तक्रारवाल्यांच्या घरी. बसच्या ऑफिसात तक्रारीचा फोन घेतात ना, ते. मी पहिल्यांदा भांडायलाच केला होता फोन. म्हटलं, तुमच्या बसची पायरी आहे की भिंत? ते म्हणाले, "बाई, जरा थांबा," आणि फोन तसाच ठेवून खाली जाऊन खरंच बघून आले! धापा टाकत म्हणाले, "खरं आहे तुमचं. माझासुद्धा गुडघा बोलला." मग काय, मी दर आठवड्याला फोन करायची. ते वरच्यांकडे खेटे घालायचे, नकार आला की मला सांगायचे, मी त्यांना धीर द्यायची, ते मला. नवीन बस आल्या तेव्हा आधी दुसऱ्याच रस्त्यावर जाणार होत्या. हे साहेबांच्या केबिनमध्ये ठाण मांडून बसले. मग फोन करून म्हणाले, "आली तुमच्या रस्त्यावर." मी ओरडले आनंदानं! मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे आता तुमची तक्रार संपली." मी लगेच म्हटलं, "संपली कशी? ती घंटा फार उंच आहे!" अगं, मी तोवर बस पाहिलीसुद्धा नव्हती! घंटा कुठे असते, देव जाणे. ते म्हणाले, "लिहून घेतो." आणि हसले. त्यांना कळलं गं. सगळं कळलं त्यांना.

अय्या, मी हे कशाला सांगत बसले तुला? सुनेलासुद्धा नाही सांगितलं — तिला सांगितलं, जुनी मैत्रीण आहे. पण तिनं पदर ज्या तऱ्हेनं नीट केला ना — असो. या महिन्यात ते निवृत्त होतायत, मग तो फोन दुसराच कुणी उचलणार. ते म्हणाले, "मी येऊ का घरी?" मी म्हटलं, मुळीच नाही! मी येणार. बसनं येणार. — नाही, पाहिलेलं नाही मी त्यांना कधी. त्यांनीही नाही. खुर्ची माहीत आहे त्यांना, पण हे माझे पिकलेले केस — बरं दिसतंय ना काजळ? खरं सांग. जास्त झालंय? राहू दे, आता काय.

हाच, हाच स्टॉप. थांबली की. ए, हा कसला आरडाओरडा बाहेर? कुणीतरी फळी उतरते नेमकी तिथेच मोटरसायकल लावलीय, आणि तो गृहस्थ बघ कसा भांडतोय — "उचला आधी! आत्ताच्या आत्ता! इथे माझं माणूस उतरणार आहे!" — अगं बाई. अगं, हा आवाज —

फोनवर किती मऊ बोलतात गं.

सरक, पोरी. बाबागाडी मागे घे. नाही, धरू नकोस. धरू नकोस म्हटलं ना! आणि तिकडे बघू नकोस. काका, तुम्हीसुद्धा.